ब्याऐंशी लाख ठिपके आणि एक पिवळी वायर

टीव्हीच्या खोक्यावरचा आकडा शेजाऱ्यांनी वाचावा म्हणून छापलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी ज्या तोऱ्यात मांडतो तो पाहिला, तर ४के टीव्ही मिरवणारा आणि त्याला हसणारा यांच्यात डावं-उजवं करण्यासारखं फारसं काही उरत नाही, हेही मला कळतं. त्याला ठिपके मिरवायचे असतात, मला ठिपक्यांचा हिशेब. खानदेशातल्या आमच्या बोदवडात नळाला पाणी कितव्या दिवशी आलं हा आकडा शेंबड्या पोरालाही पाठ असतो. अशा गावात ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० हे कोणी न विचारता सांगत सुटणारा माणूस समोरून येताना दिसला की लोक रस्ता बदलतात, यात त्यांचं काही चुकत नाही. पण मुद्दा खरा आहे, आणि तो पाण्याच्याच भाषेत सांगता येतो: आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

टीव्हीचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. व्हीसीडीची रांगोळी ३५२ बाय २८८ ठिपक्यांची, म्हणजे लाखभर. डीव्हीडीची ७२० बाय ५७६, चार लाखांवर थोडे. ‘एचडी रेडी’ म्हणून गावोगाव खपलेल्या बत्तीस इंचीवर बहुधा १३६६ बाय ७६८, साडेदहा लाखांच्या जवळपास. फुल एचडी १९२० बाय १०८०, वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. फुल एचडी म्हणजे नेमक्या पाच डीव्हीडी आणि ४के म्हणजे नेमक्या वीस. भागाकारात बाकी शून्य. या शून्याचं मला जे सुख होतं ते घरात कोणालाच होत नाही, तो भाग वेगळा. आता आड बघा. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या अजून डीव्हीडीच्याच मापाच्या आहेत, आणि केबलवाल्याच्या साध्या पॅकमध्येही त्याच. सात ठिपक्यांची रांगोळी मोठ्या अंगणात काढायची तर दोन ठिपक्यांच्या मधली जागा अंदाजानं भरावी लागते. ४के टीव्ही नेमकं तेच करतो: वीसांतला एक ठिपका खरा, उरलेले एकोणीस त्यानं मनानं घातलेले. स्टेशनवर ऐकलेली बातमी गावात पोचेपर्यंत जशी अंगानं भरते, तसंच हे. दुकानदार याला ‘अपस्केलिंग’ म्हणतो. गावात याला दुसरा शब्द आहे.

बोदवडचा माणूस मालाच्या बाबतीत भोळा नाही. कापूस बघताना तो ढिगात हात घालून चिमूट उपसतो, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढतो, धागा किती लांब निघतो ते पाहतो, ओल किती आहे ते मुठीत दाबून बघतो. बारदानावर काय छापलंय ते वाचून कोणी भाव ठरवत नाही. तोच माणूस टीव्ही घेताना मात्र बारदान वाचतो. मग टीव्ही घरी येतो, भिंतीवर चढतो, आणि जुना डिस्क प्लेअर त्याला त्याच जुन्या तीन रंगांच्या वायरीनं जोडला जातो. लाल-पांढऱ्या पिनीतून आवाज जातो आणि एकट्या पिवळीतून सगळं चित्र: उजेड आणि रंग एकाच तारेत कालवून. टीव्हीला ते कालवण पुन्हा वेगळं करावं लागतं आणि ते पुरतं कधीच जमत नाही, म्हणून लाल साडीच्या काठावर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात आणि बारीक रेघांच्या शर्टावर नसलेलं इंद्रधनुष्य उमटतं. वर ५७६ ओळींच्या पलीकडे ही पिवळी तार जातच नाही. तिच्या एका टोकाला ब्लू-रे लावा, दुसऱ्या टोकाला ४के टीव्ही लावा, मधून निघणार डीव्हीडीच, तीही थोडी मळलेली. एचडीएमआयची वायर लावली की ही मुंग्यांची रांग जाते. टीव्हीसाठी हजारो रुपये मोजणारा माणूस त्या काही शे रुपयांच्या वायरीशी का घासाघीस करतो, याचं उत्तर मला एकच सुचतं: वायर टीव्हीच्या मागे असते, पाहुण्यांना दिसत नाही.

डिस्कचा विषय निघाला की व्हीसीडीपाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घाई असलेल्यांनी खुशाल पुढचा परिच्छेद गाठावा. १९९३ साली ठरलेलं हे माप म्हणजे गरिबीतला संसार. चित्राच्या वाट्याला सेकंदाला सव्वा मेगाबिटही नाही, आणि तबकडीवर मावणार ७४ मिनिटं. तीन तासांच्या सिनेमाला तीन सीड्या, म्हणून मध्यंतरं दोन, आणि त्यातलं एक हमखास कोणीतरी मरत असताना. चित्र १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनांत कापून साठवलेलं असतं; नायक नुसता बोलत उभा असला तर चालून जायचं, पण घोळका पळू लागला, धूळ उडाली, पाऊस पडला की तेवढ्या तुटपुंज्या मेगाबिटांची वाटणी पुरायची नाही आणि चौकोन उघडे पडायचे, दुष्काळात विहिरीच्या तळाचे दगड दिसावेत तसे. तरी याच फाटक्या मापात आमच्या भागानं आपला सिनेमा पाहिला. खानदेशच्या वेशीवरच्या मालेगावात, यंत्रमागांच्या खडखडाटात, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यातले डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. पुढे त्यांच्या सुपरमॅनच्या सिनेमावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला, आणि २०२४ मध्ये रीमा कागती यांनी या मंडळींवर मोठा सिनेमाच काढला, जो आता हव्या तितक्या ठिपक्यांत बघायला मिळतो. मूळच्या त्या सायकलींच्या वाट्याला किती ठिपके आले होते ते कोणी मोजलं नाही. मीही नाही, आणि मला तर मोजायची सवय आहे. मग आठवडे बाजारात अहिराणी गाण्यांच्या, खानदेशी विनोदाच्या सीड्या कांद्या-मिरच्यांच्या शेजारी गोणपाटावर मांडल्या जाऊ लागल्या. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. वरच्या सहा रुपयांत चौपट ठिपके! इतका स्वस्त ठिपका त्यानंतर जगात कुठे विकला गेला असेल असं मला वाटत नाही. आणि तरीही लोक अठ्ठावीसवालीच उचलत होते, कारण घरातला प्लेअर तीच वाजवायचा. पोहऱ्यापेक्षा आड मोठा असून चालत नाही, ही म्हणीची उलटी बाजू त्यांना माझ्याआधी कळली होती.

‘भो, दुकानात तर चकाचक दिसत होतं,’ हा पहिला आक्षेप. दिसणारच. दुकानात टीव्हीवर मालिका चालू नसते. कंपनीनं दिलेली चित्रफीत चालू असते, तीत पोपट, कापलेली संत्री आणि स्वित्झर्लंड. चित्र अस्सल ४के, रंग आणि उजेड शेवटपर्यंत वर चढवलेले, आणि गिऱ्हाईक दीड फुटावर नाक लावून उभं. घरी पोपट नसतो आणि अंतर दीड फूट नसतं. धडधाकट डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातलं बारीक काम दिसतं. त्याहून बारीक असलं तर दोन ठिपके मिसळून एक होतात. हा हिशेब त्रेचाळीस इंची टीव्हीला लावला तर ४केचे ठिपके पावणेतीन-तीन फुटांच्या आत गेल्याशिवाय सुटे दिसत नाहीत, फुल एचडीचे साडेपाच फुटांपलीकडे दिसत नाहीत, आणि अकरा फुटांवर गेलात तर डीव्हीडीच्या ओळीही एकमेकींत मिसळतात. सोफा भिंतीला टेकलेला, टीव्ही समोरच्या भिंतीवर, मध्ये दहा फूट. तिथून फुल एचडीचा ठिपका डोळ्यात भरायचा तर टीव्ही पाऊणशे इंचांचा हवा, म्हणजे खिडकी तरी काढावी लागेल किंवा देव तरी हलवावे लागतील. आणि हा सगळा हिशेब धडधाकट डोळ्यांचा. बहुतेक घरांत टीव्हीचा नंबर यंदाचा असतो आणि चष्म्याचा नंबर तीन वर्षांपूर्वीचा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: डिस्क गेली, आता सगळं नेटवरून ४केमध्येच येतं. येतं, कबूल. पण आडाचं पाणी ठिपक्यांत मोजत नाहीत, मेगाबिटांत मोजतात. नेटवरचा ४के सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिटांत भागवतो, तोही नेट नीट चाललं तर. जुन्या ब्लू-रेवर ठिपके पावपट, पण चित्रासाठी ४० मेगाबिटांपर्यंत मोकळीक. नव्या पद्धती कमी मेगाबिटांत जास्त काम करतात हे खरं, म्हणून ही तुलना सरळ त्रैराशिकानं सुटत नाही. पण अंधारी खोली, धूर, पाऊस अशा ठिकाणी डिस्क शांत राहते आणि नेटवरच्या ४केचे चौकोन पुन्हा डोकं वर काढतात, मालेगावच्या सायकलींची आठवण करून देत. बारा सेंटिमीटरच्या त्याच तबकडीवर सीडीच्या ७८० नॅनोमीटरच्या किरणानं जे सुतळीएवढ्या जाड अक्षरांत लिहिलं, ते ब्लू-रेच्या ४०५ नॅनोमीटरनं बारीक टाकानं लिहिलं, म्हणून एका थरात २५ गिगाबाइट मावले. इतकं सुंदर हस्ताक्षर बोदवडच्या बाजारात कधी पोचलंच नाही. आपण डीव्हीडीवरून थेट पेन ड्राइव्हवर उडी मारली आणि तिथून मोबाइलवर.

तिसरा आक्षेप माझा मलाच: मग ४के घ्यायचाच नाही का? घ्या. त्रेचाळीस इंचांच्या वर आता दुसरं काही मिळणंच अवघड झालंय, आणि नव्या पडद्यांचा काळा रंग जास्त काळा, उजेड जास्त उजळ असेल तर तो फरक दहा फुटांवरून, जुन्या चष्म्यातूनही दिसतो. ठिपक्यांहून तोच मोलाचा. फक्त तो एका आकड्यात छापता येत नाही, म्हणून त्याचा तोरा मिरवता येत नाही. माझी चीड ठिपक्यांवर नाहीच मुळी. ती आहे रिमोटवरच्या एका बटणावर, ज्याला कोणी हात लावत नाही. जुनं चित्र चार बाय तीनचं. नव्या पडद्यावर ते दोन्ही बाजूंनी ओढून ‘फुल’ केलं की प्रत्येक माणूस तिसऱ्या हिश्शानं रुंद होतो. काळ्या पट्ट्या दिसल्या तर पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, म्हणून अख्खं घर वर्षानुवर्षं सुजलेल्या माणसांकडे बघत बसतं. नटनट्यांचं मला काही नाही. त्यांना त्याचे पैसे मिळाले. पण त्याच पडद्यावर कधीतरी घरातल्या जुन्या लग्नाची सीडी लावली जाते.

ती सीडी म्हणजे कॅसेटवरून उतरवलेली व्हीसीडी. दहा फूट उंचीचा मांडव चौकटीत बसवला तर २८८ ओळींतून एका माणसाच्या डोक्याच्या वाट्याला वीस-एकवीस ओळी येतात. पंगतीत वाढणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा पदर त्यातल्या चार खातो. कपाळावरचं गोंदण एका ओळीहून बारीक, त्यामुळे ते कधी टिपलंच गेलं नाही. हल्ली असं चित्र धुऊन-पुसून एचडी करून देणारी अॅप निघाली आहेत. ती त्या सोळा ओळींवर नवं नाक, नवी कातडी, नवे दात चढवतात, आणि पडद्यावर एक तुकतुकीत अनोळखी बाई वरण वाढताना दिसते. उलट त्या मूळच्या अंधूक चौकोनांत घरचे लोक लांबूनच सांगतात, ती बघ, माय. गोंदणासकट दिसते त्यांना. उरलेले एकोणीस ठिपके कोणाला कुठे घालायचे हे ज्यांना ठाऊक होतं, ती माणसंही आता एकेक करून कमी होत चालली आहेत, आणि हे काम कोणत्याही टीव्हीला जमण्यातलं नाही.

तेव्हा टीव्ही कोणताही घ्या, शेजाऱ्यांना आकडा सांगा, मला सांगितलात तर मी भागाकार करून दाखवीन. पण कपाटात तशी कॅसेट असेल तर ती आधी उतरवून घ्या: फितीला बुरशी धरते, घरी लिहिलेल्या सीडीचा रंगाचा थर उडत जातो, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीनं, फुनाईनं, जुलै २०१६ मध्ये ते बनवणं बंद केलं. दोन प्रती करा, एक दुसऱ्या घरी ठेवा. रिमोटवरून चित्र चार बाय तीनवर आणा, काळ्या पट्ट्या राहू द्या. आणि सीडी पुसायची झाली तर बनियननं गोल गोल घासू नका. मऊ फडक्यानं, मधून कडेकडे, सरळ.