अड्यारचे बूटकाका

अड्यारमध्ये कस्तुरबानगरात म्हणा, इंदिरानगरात म्हणा, चार मराठी बिऱ्हाडं असली की त्यांत एक गृहस्थ हमखास असा निघतो, ज्याला दुसऱ्याचा कॉम्प्युटर बंद पडल्याची बातमी फोडणीच्या वासासारखी कळते. तीसेक वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याहून आलेला, १९९६ साली मद्रासचं चेन्नई झालं तरी तोंडातलं ‘मद्रास’ न सोडलेला, आता निवृत्त. सकाळी इलियट्स बीचवर फेरी, मग फिल्टर कॉफी, आणि त्यानंतरचा सगळा दिवस लोकांच्या बिघाडांसाठी मोकळा. वसाहतीतली पोरं त्याला ‘बूटकाका’ म्हणतात. दाराबाहेर चपला काढून काका आत शिरतात आणि पहिला प्रश्न टाकतात, “काय, बूट होत नाही?” दारातल्या चपलांकडे पाहत एखादी नवी सून गोंधळते. तिला मग ‘बूट’ या शब्दाची व्युत्पत्ती ऐकावी लागते: स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणारा माणूस, तसा स्वतःच स्वतःला जागा करणारा कॉम्प्युटर. व्युत्पत्ती संपेपर्यंत सुनेची पोळी करपते.

काकांचं खरं भांडवल म्हणजे चेनची काळी पिशवी. तिच्यात प्लास्टिकच्या कप्प्यांत डिस्का. विंडोज एक्सपी आहे, सेव्हन आहे. उबुंटूची मंडळी २०११ पर्यंत परदेशातून फुकट सीडी घरपोच पाठवत, तेव्हा काकांनी स्वतःच्या, बायकोच्या आणि सासऱ्यांच्या नावानं मागवलेल्या तीन आहेत. ‘बॉस’ही आहे, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. ती सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं केली. पण सी-डॅक मुळात पुण्याची, हे काका त्याच श्वासात सांगतात. प्रत्येक डिस्कवर मार्करनं काहीतरी लिहिलंय. ‘जुनी नवी’, ‘ही नको’, ‘चालते बहुतेक’. एकीवर नुसतं उद्गारचिन्ह आहे. काहींवर तर त्यांनी बॉलपेननं लिहिलंय. सीडीतला चकाकता थर लेबलच्या बाजूला जेमतेम लाखेच्या पापुद्र्याखाली असतो, त्यामुळे खालून पडलेल्या चऱ्यापेक्षा वरून दाबलेलं बॉलपेन अधिक घात करतं, हे काका सगळ्या वसाहतीला बजावतात. स्वतःच्या डिस्कांचा विषय निघाला की म्हणतात, “त्या तेव्हाच्या.”

डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होणं ही काही अनादि काळापासूनची सोय नव्हे. विंडोज ९५ च्या जमान्यात आधी फ्लॉपी घालावी लागे, मग ती सीडीला हाक मारी. १९९५ च्या जानेवारीत फीनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी सीडीवरून थेट बूट करायचं प्रमाण ठरवलं. त्याचं नाव ‘एल टोरिटो’. कॅलिफोर्नियातल्या ज्या मेक्सिकन हॉटेलात बसून इंजिनिअरांनी त्याचा खर्डा केला, त्याचंच हे नाव असं सांगतात. काकांना ही गोष्ट अतोनात प्रिय. “म्हणजे आपल्याकडे झालं असतं तर नाव काय पडलं असतं? अड्यार आनंद भवन!”

बाकी काकांचं ज्ञान खोटं नाही, हे मान्य करायला हवं. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या आयटीतल्या पोरानं डीव्हीडी जाळली आणि ती बूट होईना. काकांनी ती उघडून पाहिली. आत एकच भलीमोठी आयएसओ फाइल, पाकिटासकट पोस्टात टाकल्यासारखी. प्रतिमा म्हणून जाळायची ती त्यानं नुसती कॉपी केली होती. दुसऱ्या एका घरात सीडीच्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडी घातलेली. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीला ६५० चा लाल लागतो. जुन्या ड्राइव्हला ती दिसणारच नाही. ही निदानं काकांनी उभ्या उभ्या केली. ड्राइव्हची घरघर ते मार्गळी महिन्यातल्या गाण्याच्या कचेरीला बसल्यासारखी ऐकतात, मांडीवर ताल धरून. सुरू होतानाची एक छोटी ‘पीप’ म्हणजे सर्व क्षेम, जास्त झाल्या तर संकट. पीपा मोजताना त्यांच्या चेहऱ्यावर वैद्दीश्वरन कोविलच्या नाडी ज्योतिषाचा भाव असतो.

गोची होते ती पडद्यावर काही साधं लिहून आलं की. काका सगळं वाचतात, समोरचं सोडून.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. ऑक्टोबर संपत आलेला, म्हणजे चेन्नईचा खरा पावसाळा. तळमजल्यावरच्या मावशींचा जुना डेस्कटॉप विंडोजपाशी येऊन निळा पडायचा. नातवाचे फोटो आतच. डीव्हीडीवरून बूट करून दुरुस्ती करायची, एवढंच काम. मावशी स्वयंपाकघरात चकलीची भाजणी इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलत होत्या. भिंतीवर दाते पंचांगाचं कॅलेंडर.

काकांनी डिलीट दाबून बायोसमध्ये प्रवेश केला, बूटच्या क्रमात डीव्हीडी वर आणली, एफ टेन दाबून जपून ठेवलं. ‘सेव्हन’ लिहिलेली डिस्क घातली. पुन्हा निळं. बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिली, तर आत भाच्याची मुंज.

“हरकत नाही,” काका म्हणाले आणि खरी ‘सेव्हन’ शोधून काढली. ती ‘ही नको’ खाली होती. पण आता त्यांच्या डोक्यात केबल शिरली होती. काकांचा एक नियम आहे, की भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय सीपीयूला हात लावायचा नाही. बटण बंद. साटाची केबल काढली, फुंकर मारली, बसवली. बटण चालू. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली. पुढे जायला एफ वन दाबा, असं काहीतरी. काकांनी न बघता एफ वन दाबलं. निळं.

मग डिस्क धुतली. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, खारी दमट हवा, डिस्का टिकतातच कुठे! यावर बेलीझ देशातल्या सीडीची कथा झाली. २००१ साली स्पेनच्या शास्त्रज्ञांना त्या सीडीत चक्क बुरशी सापडली होती आणि तिनं आतला थर खाल्ला होता. डिस्क पदरानं नको, सुती कापडानं, मधून कडेकडे पुसायची, हेही झालं. बटण बंद, बटण चालू, एफ वन, निळं. ड्राइव्ह उघडून लेन्सवर इअरबड फिरवला. बटण बंद, बटण चालू, एफ वन. दोन तासांत दोन कॉफ्या आणि कच्च्या चकलीची चव पाहून झाली. शेजारचा तमिळ वॉचमन खिडकीतून म्हणाला, “बूट आगलै, सार?” काका म्हणाले, “आगलै.”

“अहो, बूटचा तो क्रम की काय, तो पुन्हा बघता का?” मावशींनी विचारलं.

“तो मी लावलाय, मावशी. त्याला पाहायचं काय?”

काटा बाजूला सारून मावशी हात पुसत पुढे आल्या. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना एक आकडा दिसला. “ह्यात एक जानेवारी दोन हजार नऊ दाखवतंय. उद्या वसुबारस आहे.”

“तारखेचं नंतर बघू.”

“मघाशी तुम्ही पहिल्यांदा लावलंत तेव्हाही एक जानेवारीच होती. मध्ये दोन तास गेले ना?”

काकांचा हात इअरबडसकट हवेत थांबला. मदरबोर्डावर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ जाडी, नावातच माप. भिंतीवरची वीज गेली की घड्याळ आणि बूटचा क्रम तोच सांभाळतो. सेल मेला, की वीज जाताच कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि पुन्हा आधी हार्ड डिस्ककडे बघतो. दर वेळी भिंतीवरचं बटण दाबून काकांनीच आपला क्रम पुसला होता, आणि दर वेळी ती पांढरी ओळ तेच सांगत होती.

काका काही बोलले नाहीत. काट्याकडे गेले, तो उलटा केला, झाकण सरकवलं. आतून सीआर २०३२ निघाला. तो बोर्डात बसला. क्रम पुन्हा लागला. मुद्दाम भिंतीवरचं बटण एकदा बंद-चालू करून झालं. पडद्यावर सीडीवरून बूट व्हायला कुठलीही कळ दाबा, अशी ओळ आली. त्याला मुदत चारपाच सेकंदांची. तोवर काका वॉचमनला एल टोरिटोची गोष्ट सांगायला लागले होते. मावशींनी भाजणीच्या बोटानं एंटर दाबलं.

रात्री फोटो निघाले. भाजणी मात्र अर्धीच तोललेली राहिली. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही तो सेल मिळतो, असं मावशींनी सुचवलं. काकांना ते पटलं नाही. सेल घ्यायचा तो रिची स्ट्रीटलाच, असं सांगून ते सकाळी माउंट रोडच्या बसला लागले, आणि दुपारी परतले ते सेल विसरून, नवा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन.