उद्या या

आमच्या गावच्या अभ्यासिकेत परवा स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन होतं. एक मोठे साहेब यायचे होते, पण ऐनवेळी त्यांची मीटिंग निघाली. साहेबांच्या मीटिंगा ठरत नाहीत. गळू निघावं तशा त्या निघतात. संयोजक पोरगा धापा टाकत आमच्या वाडीत आला. मी केळींना पाणी सोडत होतो.

"काका, तेवढा तासभर बोला ना."

"अरे, मी एक दिवससुद्धा सरकारी नोकरी केलेली नाही."

"पण सरकारी ऑफिसात तर तुम्ही सारखे जाता ना?"

याला उत्तर नव्हतं. निम्मं आयुष्य मी खिडकीच्या अलीकडे उभा राहून काढलंय. पलीकडच्या माणसाविषयी बोलायला माझ्याइतका अनुभवी कोण, अशी मनाची समजूत घातली, हातपाय धुतले आणि गेलो.

चाळीसेक पोरं-पोरी होती. काही जण भुईगावच्या किनाऱ्यावर पोलीस भरतीचा सराव करून थेट आलेले. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे. पायांना वाळू तशीच होती. काही जण नोकरीवरून लोकलने आलेले. माझं प्रामाणिक मत असं, की गर्दीच्या वेळी विरार फास्टमधून जो बोरिवलीला उतरून दाखवतो, त्याची मैदानी चाचणी घेऊच नये. त्याला थेट नेमणूकपत्र द्यावं.

सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून आमच्या भाषेपासूनच केली. मराठीत नोकरी 'लागते'. लॉटरी लागते, ठेच लागते, उचकी लागते, तशीच. "अमक्याचा मुलगा रेल्वेत लागला" म्हटलं की विषय संपला. लागल्यावर तो तिथे काय करतो, हे कुणी विचारत नाही. आमच्या शेजारच्या आजींचंच घ्या. राज्य सरकारात नोव्हेंबर 2005 पासून नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली, हे त्यांना मी चारदा सांगितलं. तरी नातीला त्यांना पेन्शनवालाच हवा. "लोकसेवा आयोग या नावात तीन शब्द आहेत," मी मुलांना म्हटलं, "आपण अभ्यास करतो तो फक्त तिसऱ्याचा." एकदोघांनी हे लिहून घेतलं. मला जरा चेव आला.

मग म्हटलं, सरकारी सेवेचा पहिला धडा आपल्याला दिल्लीहून आणायला नको, तो नालासोपाऱ्यात आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा एक तुकडा सापडला. त्या लेखात सम्राट सांगतो, की पूर्वीचे राजे मौजेला आणि शिकारीला दौरे काढत. मी मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षापासून दौऱ्यावर जातो तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायला. साहेबांनी दौरा कशासाठी काढावा, याचा इतका जुना जीआर आपल्या तालुक्यात निघालाय. दगडावर होता म्हणून तुकडा तरी मिळाला; कागदावर असता तर फाइल सापडत नाही म्हणाले असते. तो दगड आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात असतो. म्हणजे त्याचीही बदली झालीच.

पोरं हसली. मग मी माझी गोष्ट सांगितली.

वडील गेले तेव्हा वाडीच्या सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. वडिलांचं नाव गोपाळ. सातबाऱ्यावर होतं गोपाल. जन्मभर ज्या माणसाने त्या मातीत केळी लावली, तो त्या मातीचा मालक आहे की नाही, हे एका अक्षरावर येऊन अडलं. एका ऑफिसात मी अकरा फेऱ्या मारल्या. दर वेळी उत्तर एकच: "उद्या या." त्या दोन शब्दांत रागही नव्हता. रागावण्याइतकं तरी कुणी माझ्याकडे बघायला हवं होतं.

बाराव्या फेरीला खिडकीत नवी मुलगी होती, कुठूनतरी बदलून आलेली. तिने कागद घेतला, मान वर केली आणि म्हणाली, "काका, बसा." मी मागे वळून पाहिलं, म्हटलं, कुणाला म्हणते ही? तिने सातबाऱ्यावर बोट फिरवलं, ते 'ल'वर येऊन थांबलं. मग माझ्याच अर्जाच्या पाठीवर तिने लिहून दिलं: मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. तीन ओळी. त्यापुढे महिन्याभरात नोंद झाली. नियम तेच होते, ऑफिस तेच होतं, खुर्चीसुद्धा तीच होती.

"2015 साली लोकसेवा हक्काचा कायदा आला," मी म्हटलं. "अधिसूचित सेवांना मुदत ठरली, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. म्हणजे कायद्याने 'उद्या'ला तारीख दिली. पण 'बसा' म्हणायला लावणारा कायदा अजून कुणाला करता आलेला नाही. ते काम तुमचं. अभ्यास करा, जोडीला पोटापाण्याची दुसरी वाटही ठेवा, कारण जागा थोड्या आणि बसणारे फार. पण लागलात, तर तेवढा एक शब्द सोबत न्या."

टाळ्या पडल्या. एका पोराने विचारलं, "काका, त्या मॅडम आता कुठे असतात?"

"बदली झाली," मी म्हटलं, आणि सगळ्यात मोठा हशा याच वाक्याला मिळाला.

मुलं पांगली. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र वहीत अजून लिहीत होती. माझी वाक्यं उतरवतेय या समजुतीने मी मोठ्या कौतुकाने डोकावलो. वहीत लिहिलं होतं: 'प्रतिज्ञापत्र – कुठे करायचं? खर्च किती?'

"आमच्या आजोबांचं नाव विठ्ठल," ती म्हणाली. "सातबाऱ्यावर विठल आहे. बाबा सहा महिने फेऱ्या मारतायत."

एवढ्यात अभ्यासिकेचा रखवालदार किल्ल्या वाजवत आला. "काका, कुलूप लावायचंय. काय राहिलं असेल तर उद्या या."

आम्ही दोघं बाहेर आलो. पायरीवरची धूळ मी रुमालाने झटकली.

"बस," मी तिला म्हटलं. "वही काढ."