दुबईला निघालेल्या नागभीडकरास

ऊन फार, टोपी घ्या, असं पुण्याचे नातेवाईक बजावतील. शेजारची ब्रह्मपुरी मे महिन्यात ४५ अंश ओलांडून देशभराच्या बातम्यांत झळकते, आणि सल्ला आपल्याला! दुपट्टा राहू द्या, स्वेटर न्या. तिथल्या मॉलमध्ये हुडहुडी भरते. मसाल्याच्या पुडीत खसखस नको, तिथं ती अमली पदार्थांत मोडते. खर्राही नको. तो आपल्याकडे कागदावर बंद आहे, तिथं खरोखर. रमजानमध्ये दिवसा पाणीसुद्धा आडोशाला प्या.

१५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, मजुरांना उन्हात राबवायला तिथं कायद्यानं बंदी आहे. परतल्यावर हे रस्त्याच्या ठेकेदाराला सांगू नका. त्याला वाटेल, तुम्हाला ऊन लागलं.