रा. रा. पीडीएफराव यांसी

मुक्काम सेतू केंद्राचा प्रिंटर, जिल्हा वाशीम.



आपण हल्ली जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत, रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत, रोज अवतार घेता. पीकविम्याची पावती आपणच, उत्पन्नाचा दाखला आपणच, शिष्यवृत्तीचा अर्जही आपणच. पूर्वी सगळ्यांना एकच छापील नमुना मिळायचा. विधवा असो, भूमिहीन असो की बागायतदार, न लागणाऱ्या रकान्यांत 'निरंक' लिहायचे आणि पुढे सरकायचे. आता आपल्या कुळात सुधारणा झाली आहे. 'विवाहित' वर टिचकी मारली की नवऱ्याच्या नावाचा रकाना उघडतो, 'दिव्यांग' म्हटले की टक्के विचारले जातात, 'शेती आहे' म्हटले की गट क्रमांक मागितला जातो आणि शेवटी त्या एकाच माणसाच्या मापाचा कागद शिवून बाहेर पडतो. सुधारणा चांगलीच आहे, तिच्याबद्दल मुजरा. तक्रार पुढची आहे. शिंपी निदान कापडावर खडूने माप मांडतो, गिऱ्हाइकाला दाखवतो, मग कात्री चालवतो. आपण कापड कापून हाती देता आणि खडूची रेघ स्वतःपाशी ठेवता.

उत्तरे अर्जदारानेच दिली, ती त्यालाच परत कशाला सांगायची, असे आपले वकील विचारतील. कारण वाशीमसारख्या जिल्ह्यात उत्तर देणारा एक असतो आणि टिचकी मारणारा दुसरा. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्राचे जे चार आहेत त्यांत वाशीम आहे (आकांक्षा कशाची, हा रकाना अद्याप उघडलेला नाही). इथे बहुतेकांचा अर्ज केंद्रचालक भरतो. पडद्याचे तोंड त्याच्याकडे, पाठ अर्जदाराकडे. जर-तरचा सगळा खेळ त्या पडद्यावर रंगतो आणि तिथेच मिटतो. कोणता प्रश्न उघडला, कोणता उघडलाच नाही, कोणत्या एका 'नाही'मुळे पुढची दोन पाने गळाली, यातले काहीही घरी नेलेल्या कागदावर उतरत नाही. कागदावर निकाल असतो. कारण सर्व्हरला ठाऊक.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी घ्या. ती सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली. तीत एका विधानाला दुजोरा द्यायचा होता. कुटुंबातले कोणी सरकारी खात्यात कायम नोकरीला नाही आणि निवृत्तिवेतनही घेत नाही, असा त्याचा आशय होता. खाली पर्याय दोन, 'होय' आणि 'नाही'. आता मराठीची रीत पाहा. "तुमच्या घरी कोणी नोकरीला नाही ना?" असे विचारले की घरात कोणीच नोकरीला नसलेली बाई "नाही" म्हणते, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना ते बरोबर समजते. यंत्राच्या व्याकरणात मात्र नकाराला दिलेला नकार म्हणजे होकार. 'नाही' वर बोट पडले, आणि मोलमजुरीवर चालणाऱ्या घरात कागदोपत्री सरकारी नोकर जन्माला आला. पुढे चुकीचा पर्याय निवडला गेलेल्या बहिणींची प्रत्यक्ष पडताळणी करण्याची वेळ खात्यावर आली. प्रश्नच सरळ विचारायला हवा होता, हे खरे. पण वाकडा प्रश्नही निभावला असता, जर त्याच क्षणी आपण बाहेर येऊन साध्या मराठीत म्हणाला असता, "तुम्ही सांगितले की तुमच्या घरात सरकारी नोकर आहे. म्हणून तुमचा हप्ता बंद होईल." ती बाई खुर्चीवरून उठली असती का? केंद्रातच तिने सांगितले असते की सरकारी नोकरी आमच्या गल्लीतसुद्धा नाही. एका ओळीचे काम होते. ते झाले नाही म्हणून घरोघरी चौकशीचे काम निघाले.

याआधीचा पुरावा मोठा आहे. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत कर्जाची थकबाकी असेल तर माफी, त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम आधी भरा, नियमित फेड करत असाल तर 25 टक्के किंवा कमाल 25 हजारांचे प्रोत्साहन. अशा तीन वाटा आणि प्रत्येक वाटेला फाटे. अर्ज ऑनलाइन, मुदत वाढत वाढत 22 सप्टेंबर, शिवाय बँकांकडून 66 रकान्यांची माहिती. 18 ऑक्टोबरला ऐन दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली, आणि त्यानंतर पात्रतेच्या हिरव्या-पिवळ्या याद्यांची रंगपंचमी बरीच लांबली, कारण शेतकऱ्याने भरलेले आणि बँकेने भरलेले जुळेना. 2019 च्या अखेरीस जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेने अर्जच काढून टाकला. बँकांची माहिती आधी मागवली, याद्या लावल्या आणि शेतकऱ्याला केंद्रावर बोलावून विचारले की तुमच्या नावावर एवढी थकबाकी दिसते, मान्य आहे का? मान्य असेल तर आधारचा अंगठा, नसेल तर जिल्हा समितीकडे तक्रार. त्या योजनेलाही दोन लाखांची मर्यादा होती, तिच्यातूनही लोक वगळले गेले, ती निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या आकड्यावर निर्णय व्हायचा, तो आकडा ज्याचा त्याला आधी दाखवला गेला. आमची मागणी यापेक्षा मोठी नाही.

आपल्याच घराण्यात थोरली पाती आहे, तिच्याकडे बघा. सातबाऱ्यावरून एखादे नाव कमी झाले तरी ते नाहीसे होत नाही. पूर्वी ते कंसात राहायचे, 2020 च्या सुधारित नमुन्यात आडवी रेघ मारून राहते, आणि सोबत फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन तलाठ्याकडे गेले की वारसाने, खरेदीने की वाटणीने, ते कळते. (तलाठ्याचे आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, जुने नाव सवयीने येते, तेही खोडून दाखवावे.) आणखी मागे जायचे तर वाशीम म्हणजे वाकाटक राजघराण्याचे वत्सगुल्म. इथे मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट हा व्यक्तिगणिक काढलेला अहवालच आहे. गाव कोणते, कोणाकोणाला, कशाकशातून सूट, सगळे त्यात आहे. वंशावळीचा थाट संस्कृतात, पण देण्याघेण्याचा मजकूर प्राकृतात. त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचा अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट तर अटी पत्र्यावरच कोरतो. घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. तसे केले तर गाव परत घेण्यात राजाला चोरीचा दोष नाही. अट, ती मोडल्याचा परिणाम आणि राजाची बाजू, सगळे ज्याला गाव मिळाले त्याच्याच हाती. तांबे महाग होते तरी छिन्नीवाल्याने या ओळी गाळल्या नाहीत.

आता आक्षेप. पहिला असा की अट छापली तर लोक तिला वळसा घालतील. पण अटी शासन निर्णयात जाहीरच असतात. वळसा घालणारा तो निर्णय आधीच वाचून आलेला असतो, अंधारात राहतो तो सरळ माणूस. दुसरा आक्षेप लांबीचा, की एक पान होते त्याची बारा होतील. होणार नाहीत. अर्ज जसा न लागणारे प्रश्न लपवतो, तशा न लागणाऱ्या अटीही लपवता येतात. ज्या दोन-तीन उत्तरांवर निकाल फिरला तेवढीच छापायची. ज्या प्रणालीने न लागणारी पाने गाळली तिला गाळण्याची अट माहीत असतेच, नव्याने शोधायची नाही. शिवाय आज पाव पान मुद्रेला आणि पाव पान सूचनांना जाते, तिथे दोन ओळींची जागा निघेल. तिसरा आक्षेप खरा आहे. हा कागद झेरॉक्सच्या दुकानात, कधी भज्यांच्या गाडीवरही सापडतो. त्यावर जात, उत्पन्न, आजार उघडे पडणे बरे नव्हे. तेव्हा आधारचे शेवटचे चार अंक पुरेत, आणि नाजूक उत्तरे अर्जदाराच्या प्रतीवरच असावीत, कार्यालयांत फिरणाऱ्या प्रतीवर नकोत. त्याच उत्तरांतून दोन वेगळे अहवाल काढणे हाच तर आपला धंदा.

कायदाही आपल्या बाजूने नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे अर्ज फेटाळला तर त्याचे कारण लेखी नोंदवून अर्जदाराला कळवावे लागते. माहिती अधिकार अधिनियम 2005 चे कलम 4 बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयांची कारणे द्या म्हणते. त्यावर आपण छापता, 'अटींची पूर्तता होत नाही'. अंग गरम आहे म्हणून ताप आहे, असे निदान करणाऱ्या वैद्याला गावात दुसऱ्यांदा कोणी बोलावत नाही.

तरी कृपा करून येत्या हंगामापासून सोयाबीनच्या विम्याच्या पावतीपासूनच सुरुवात व्हावी. तळाशी तीन ओळी हव्यात. तुम्ही काय सांगितले, त्यावरून आम्ही काय ठरवले, पटत नसेल तर कुठे आणि किती दिवसांत जायचे. अक्षर वाचता येईल एवढे मोठे असावे, आणि जोडाक्षरे शाबूत असावीत.



आपला,
रकाना शेवटचा, 'इतर (असल्यास नमूद करा)'