बाकी किती?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकादश्या-संकष्ट्यांच्या जोडीला बायकोच्या बारीक अक्षरातल्या नोंदी असतात. ‘दूध नाही’, ‘बाई आल्या नाहीत’, आणि दर चाळीसेक दिवसांनी ‘गॅस लावला’. लावल्याची तारीख अशी चोख असते. संपायची तेवढी कुणालाच ठाऊक नसते, आणि तिथून पुढे आमच्या घरात प्रत्येक जण तज्ज्ञ असतो.

आई टाकी वाजवून बघते. माठ घेताना वाजवतात तशी बोटाच्या पेराने टकटक करत वरून खाली येते, एका जागी थांबते, कान देते आणि “अजून आठवडाभर बघायला नको” असं सांगून टाकते. तिची उमेदीची वर्षं रॉकेलच्या स्टोव्हवर गेली. तिथे टाकीत काडी बुडवली की ओल कुठवर आली ते दिसायचं. तो प्रामाणिकपणा या लाल टाकीत नाही, असं तिचं मत आहे. बायको वाजवत वगैरे नाही. वरचं कडं धरते, सिलिंडर जागच्या जागी डुलवते आणि म्हणते, “हलका लागतोय, नंबर लावा.” आता रिकामा सिलिंडरच मुळात सोळा किलोंच्या आसपास असतो. तो हलका लागतो की जड, हे त्या दिवशी कंबर कशी आहे त्यावर ठरतं.

मुलगा ज्योत बघतो. पिवळी झाली की संपत आला. एकदा त्याच्या सांगण्यावरून आम्ही घाबरून कणीक मळायची थांबवली. मग आईने बर्नर काढून टाचणीने भोकं मोकळी केली, तर ज्योत पुन्हा निळीशार.

ज्योत बघून काही कळत नाही, याला कारण आहे. आत गॅस नसतोच, असतो तो दाबाखाली पातळ झालेला द्रव. वर त्याची वाफ होते आणि शेगडीला मिळते ती वाफ. आत थोडा जरी द्रव उरला असला तरी दाब जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे पगारासारखा हा प्राणी वीस तारखेपासून हात आखडता घ्यायला लागत नाही. फोडणीत मोहरी पडेपर्यंत तोऱ्यात असतो आणि कढीपत्ता पडायच्या आत माना टाकतो.

शेजारच्या काकूंची ओल्या फडक्याची रीत मात्र खरी शास्त्रशुद्ध. टाकी ओल्या फडक्याने पुसायची आणि पाच-दहा मिनिटं बघत बसायचं. वरचा रिकामा भाग लवकर सुकतो. खाली द्रव आहे तिथला पत्रा गार राहतो, म्हणून ओल टिकते. दोहोंच्या मधली रेघ हीच पातळी. अडचण एवढीच की काकूंनी ही रीत आम्हाला जुलैत शिकवली. जुलैत डोंबिवलीत बनियन तीन दिवस सुकत नाही, तिथे सिलिंडर काय सुकणार? अर्ध्या तासाने तो वरपासून खालपर्यंत सारखाच ओला होता. “भरलेला आहे,” काकू म्हणाल्या. तो परवापर्यंतही टिकला नाही.

शेवटी मी गणिताकडे वळलो. सिलिंडरचं वजन करायचं, त्यातून रिकाम्या टाकीचं वजा करायचं, उरेल तो गॅस. रविवारी रद्दीवाला हातगाडी आणि हुकाचा काटा घेऊन सोसायटीत येतो. मी रेग्युलेटर काढला, टोपण बसवलं आणि सिलिंडर लिफ्टने खाली नेला. “काका, हे नाय घेत आपण,” तो दोन पावलं मागे सरकून म्हणाला. समजूत घातल्यावर त्याने तो दोरीने काट्याला टांगला. १९ किलो ४००.

रिकाम्या टाकीचं वजन वरच्या पट्ट्यांवर कोरलेलं असतं. मी वाकून वाचलं : सी-२७. एकोणीस पूर्णांक चार वजा सत्तावीस. म्हणजे उलट आम्हीच साडेसात किलो गॅस देणं लागत होतो. मुलाने मोबाइलवर बघून सांगितलं की सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, आणि २७ म्हणजे २०२७ साल. टाकीची पुढची तपासणी तोवर व्हायला हवी. शेजारच्या पट्टीवर होतं खरं वजन, १५.९. म्हणजे गॅस साडेतीन किलो. भरलेल्यात १४.२ किलो असतो, तो आम्हाला चाळीस दिवस पुरतो, म्हणजे रोजचे ३५५ ग्रॅम. उत्तर आलं : जेमतेम दहा दिवस. मी कॅलेंडरवर पुढच्या बुधवारच्या चौकटीत लाल पेनाने ‘गॅस संपेल’ लिहिलं. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

बुधवारी गॅस संपला नाही. गुरुवारी नाही, शनिवारीही नाही. रविवारी ज्योत निळीशार असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गॅस जास्त निघाला, याचा अर्थ काट्याने वजन कमी दाखवलं! आणि याच काट्यावर गेली सहा वर्षं आमचे पेपर जात होते. मी तरातरा खाली गेलो आणि चार लोकांसमोर रद्दीवाल्याला काय बोलायचं ते बोललो. तो फक्त “बरं काका” म्हणाला.

सोमवारी रात्री, भात अर्धा कच्चा असताना, गॅस गेला. बायकोने शांतपणे कपाटामागून इंडक्शन काढलं. त्याची वायर गुंडाळलेली नव्हती. “हे बाहेर कसं?” मी विचारलं.

“अहो, तुम्ही बुधवार लिहिलात ना, म्हणून त्या आठवड्यात वरण-भात, दूध, चहा सगळं यावरच करत होते. म्हटलं, पोळ्यांना तरी उरू दे.”

नवा सिलिंडर यायला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी टाकी घेऊन मी नाक्यावर रद्दीवाल्याला गाठलं. काही न बोलता त्याने ती काट्याला टांगली आणि काटा माझ्याकडे वळवला. १५ किलो ९००.

त्यानंतर तो आमच्या सोसायटीत आलेला नाही. बाल्कनीत तीन महिन्यांचे पेपर साठलेत. बायको रोज एकदा गठ्ठा उचलून बघते आणि वीस किलो तरी असेल म्हणते.