त्रिकोणाची कृपा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या आठवडे बाजारात आमचूर अजूनही उघड्या पोत्यातून तोलून थेट गिऱ्हाइकाच्या कापडी पिशवीत ओततात. किती हा मागासलेपणा! त्यापेक्षा शहरी पुडी पाहा: आत प्लास्टिक, मध्ये चंदेरी थर, बाहेर चकचकीत छपाई आणि कोपऱ्यात पुनर्चक्रणाच्या बाणांचा पवित्र त्रिकोण. त्रिकोणात ७ आकडा, म्हणजे ‘इतर’ प्लास्टिक. पर्यावरणप्रेमी ग्राहकाने एवढं वाचून निश्चिंत व्हावं. पळसाच्या पत्रावळीवर असला त्रिकोण नसतो, मग ती कुजेल याची हमी कोण देणार? तेव्हा सातपुड्यातल्या प्रत्येक पळसाच्या पानोपानी त्रिकोण छापण्याची निविदा तातडीने काढावी. तोवर पुडीच घ्यावी, धुऊन वाळवून ठेवावी. आणि ती विकत घेणारा भंगारवाला नंदुरबार जिल्ह्यात कुणाला आढळल्यास कृपया कळवावे.