मुक्काम पोस्ट गर्भाशयमुख

श्रीयुत ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, क्रमांक १६ यांस,

स. न. वि. वि.

भाडेकरू पुष्कळ पाहिले, पण आपल्यासारखा चिवट नाही. आपले बहुतेक भाऊबंद वर्ष-दोन वर्षांत जागा सोडतात. घरमालकिणीची प्रतिकारशक्ती त्यांना हुसकून लावते. आपला मुक्काम मात्र एकदा लांबला की पंधरा-वीस वर्षं हूं की चूं न करता निघतात. जेमतेम आठ जनुकांचा संसार. त्यातल्या ई-६नं पी-५३ नावाचा आमचा राखणदार संपवायचा, ई-७नं पेशींच्या वाढीचा ब्रेक काढायचा, आणि पुष्कळदा आपल्या डीएनएचा तुकडा आमच्या डीएनएत घुसवून थेट सातबाऱ्यावर नाव चढवायचं. तलाठ्यालाही पत्ता नाही!

आपला गुन्हा बरीच वर्षं हर्पीसच्या नावावर खपत होता. १९८३ साली जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या चमूनं आपल्याला गाठीतच गाठलं; पुढच्या वर्षी बंधू क्रमांक १८ सापडले. गर्भाशयमुखाच्या शंभरातल्या सत्तरेक कर्करोगांमागे आपण दोघंच. त्सूर हाउझेनना २००८चं नोबेल मिळालं. आपल्याला काहीच नाही, याचं वाईट वाटतं.

आमच्याकडे सोय मात्र चोख झाली. माझ्या मावशीच्या अंगावरून वर्षभर जात होतं. डॉक्टरांपुढे ती म्हणाली, "कंबर दुखते." कंबरेच्या गोळ्या मिळाल्या. खरं काय ते तिनं मला घरी मोरीत नेऊन, नळ सोडून सांगितलं. एवढा पडदा कुठल्या पाहुण्याला मिळतो?

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तेवढा आपला अंदाज चुकला. तिथल्या खेड्यांतल्या १,३१,७४६ बायकांच्या अभ्यासाचा निकाल २००९ मध्ये आला: ज्या गटात एकदाच आपली तपासणी झाली, तिथं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शिवाय ते व्हिनेगर! चायनीजच्या गाडीवरच्या बाटलीतलं तेच आम्ल बोळ्यानं लावलं, की मिनिटभरात आपलं अनधिकृत बांधकाम पांढरं पडतं.

कळावे, लोभ नसावा.

ता. क. : पुण्यात तयार होणाऱ्या लशीत म्हणे आपला नुसता अंगरखा असतो, आत कोणीच नाही. शनिवारी भाचीला टोचून आणली. दंड दुखतो म्हणून तिनं दोन दिवस भांडी घासली नाहीत. मावशीनं घासली.